यलो फीवरचे दहा दिवस, झांझिबारचा विमा आणि आमची चूक: तुमच्या एक-स्टार अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

केनिया-झांझिबार सहलीबद्दल तुम्ही चार तक्रारी मांडल्या आहेत. केनियाला व्हिसा लागत नसताना ऑनलाइन परवान्याचे पैसे घेतले. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया यलो फीवरचं (डासांमुळे पसरणाऱ्या एका तापाचं) कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, मागत नाही, तरी सगळ्यांना लस घ्यायला लावली आणि लस घेतल्यानंतरचे भावाचे दहा दिवस भरत नाहीत म्हणून सहल दोन दिवस पुढे ढकलली. स्वतःचा प्रवासविमा असताना झांझिबारसाठी ४४ डॉलरचा दुसरा विमा काढला. आणि ६८ वर्षांच्या आईंना लसीकरण केंद्रातल्या डॉक्टरांनी लस नाकारल्यावर अपवादाच्या पत्रासाठी ऐनवेळी हेलपाटे घालावे लागले.

परवाना, लस आणि विमा हे तिन्ही त्या प्रवासाला लागतातच. पण दहा दिवसांची वेळ का आली आणि आईंची धावपळ का झाली, या दोन्हींत चूक आमची आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद केला, पण त्याच्या जागी ईटीए, म्हणजे प्रवासापूर्वीची ऑनलाइन परवानगी आणली. ती भारतीय पासपोर्टवर लागते आणि तान्ह्या बाळासाठीही वेगळी काढावी लागते. पासपोर्ट पोहोचल्याच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. परवानगी हातात नसेल तर विमान कंपनी बोर्डिंग पास देत नाही. ‘व्हिसा-मुक्त’ या शब्दाने पुष्कळांची गफलत होते, तेव्हा तुमचा राग समजतो.

आता लसीचं. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे: भारत यलो फीवरचा देश नाही, म्हणून इथून थेट नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनिया कार्ड मागत नाही. पण हे कार्ड तुम्ही कुठे जाताय यापेक्षा कुठून येताय यावर मागितलं जातं, आणि तुमच्या सहलीत ‘केनियातून येणारे’ म्हणून तुम्ही दोनदा मोजले जाणार होता. पहिल्यांदा झांझिबारला उतरताना, कारण झांझिबार टांझानियात आहे आणि केनियासारख्या यलो फीवरचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्या, एक वर्ष किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाकडे टांझानिया कार्ड मागतो. दुसऱ्यांदा भारतात परतताना. यलो फीवरच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत वैध कार्डाशिवाय भारतात उतरलं, तर विमानतळावरचे आरोग्य अधिकारी विलगीकरणात ठेवू शकतात. हे सहा दिवस तो देश सोडल्यापासून मोजतात. झांझिबारला तीन रात्री काढल्या तरी ते संपत नाहीत, आणि वाटेत आखाती देशात विमान बदललं तरीही नाहीत. भारत याबाबत कडक आहे, कारण यलो फीवर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे, फक्त विषाणू नाही. तो येऊ नये एवढ्यासाठीच ही सगळी तपासणी.

शिवाय कागद बाजूला ठेवला तरी केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाणाऱ्याला ही लस घ्यावी असंच वैद्यकीय मत आहे. केवळ नैरोबी शहर किंवा मोम्बासाचा किनारा एवढाच प्रवास असता तर गोष्ट वेगळी.

“दोन दिवसांनी काय बिघडलं असतं?” असं तुम्ही विचारलंय. कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं, कारण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात. भावाची लस १ तारखेची, म्हणजे कार्ड ११ पासून. मूळ तिकिटावर झांझिबारला उतरायची तारीख होती १०. तुमचं म्हणणं असं, की भारतात परतेपर्यंत दहा दिवस भरलेच असते. भारतापुरतं ते अगदी खरं आहे आणि फक्त केनियाची सहल असती तर आम्ही तारीख बदलली नसती. पण झांझिबारच्या काउंटरवर १० तारखेला ते कार्ड अवैधच ठरलं असतं आणि भावाला तिथूनच परत पाठवलं जाण्याचा धोका होता.

तो धोका घेणं योग्य नव्हतं. मात्र ही वेळ आली आमच्यामुळे. कागदपत्रांची यादी आम्ही बुकिंगनंतर तिसऱ्या आठवड्यात पाठवली. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि नावनोंदणी आधी करावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात, ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून पुरेसे लोक जमल्याशिवाय उघडत नाहीत. हे आम्हाला माहीत असताना यादी पहिल्याच दिवशी जायला हवी होती. तारीखबदलाचा पूर्ण भुर्दंड आम्ही परत करत आहोत.

आईंच्या प्रकृतीबद्दल इथे जाहीर लिहिणं बरोबर नाही, म्हणून सर्वसाधारण सांगतो. ही जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामाची शक्यता वाढते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टर ती टाळतात किंवा फार विचार करून देतात. त्या डॉक्टरांनी नाकारलं ते आईंच्या हिताचंच होतं. अशा वेळी वैद्यकीय अपवादाचं पत्र मिळतं. ते इंग्रजीत, सही-शिक्क्यासह हवं. पण पत्र म्हणजे लस नव्हे. ते मानायचं की नाही हे समोरच्या देशाचे अधिकारी ठरवतात, आणि परतताना विलगीकरणाची तयारी ठेवावी लागते. एवढी मोठी गोष्ट तिकीट काढण्याआधी बोलायला हवी होती. आम्ही पासपोर्टवरून वय टिपलं आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही. आईंची मनापासून क्षमा मागतो आणि त्यांचं सेवाशुल्क परत करतो.

झांझिबारचा विमा १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याला तिथल्याच सरकारी कंपनीकडून घ्यावा लागतो. प्रौढांना ४४ डॉलर. घरून नेलेली पॉलिसी कितीही मोठी असली तरी त्यातून सूट नाही. तुमची पॉलिसी वाया गेलेली नाही, केनियातले दिवस तिच्यावरच होते.

तुमची पिवळी पुस्तिका, म्हणजे हेच लसीचं कार्ड, फेकू नका. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर वैध असतं, जुन्या दहा वर्षांच्या मुदतीची कार्डंसुद्धा. फक्त एकदा तपासून घ्या: नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, तुमची स्वतःची सही आहे का, लसीचा बॅच क्रमांक आणि केंद्राचा शिक्का दिसतो का. खाडाखोड असेल किंवा एखादा रकाना रिकामा असेल तर कार्ड बाद होऊ शकतं. तसं काही दिसलं तर त्याच केंद्रातून नवी प्रत करून घ्या. मोबाइलमधला फोटो चालत नाही, मूळ पुस्तिकाच हातातल्या बॅगेत ठेवावी लागते.

आमच्या बुकिंग अर्जात आता लसीचे आणि प्रकृतीचे प्रश्न पैसे भरण्याच्या आधी येतात. परताव्यासाठी तिकीट ज्या खात्यातून काढलं तेच वापरायचं की दुसरं, एवढं ऑफिसला कळवा.