पंपातलं मिश्रण आणि दंडातली लस

भाऊ, कोरोनाच्या दोन वेगळ्या लशी घेण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. कपाशीवर दोन औषधं एकाच पंपात टाकली की पानं करपतात, मग पहिला डोस कोविशिल्डचा आणि दुसरा कोव्हॅक्सिनचा झाला तर काही बिघडत नाही असं मी लिहिलंच कसं, असं तुम्ही विचारलंय. आणि फक्त 18 माणसांवरून कोणी निष्कर्ष काढतं का, हेही. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिला नाही, आणि का ते सांगतो.

पंपात दोन्ही औषधं एकाच वेळी एकमेकांत मिसळतात. इथे एका सिरिंजमध्ये काहीच मिसळलेलं नाही, दोन डोसमध्ये काही आठवडे गेलेले असतात आणि पहिल्या डोसचं औषध म्हणून शरीरात तोवर फारसं काही उरलेलं नसतं, उरते ती शरीराला झालेली विषाणूची ओळख. आज एक फवारणी केली न पंधरा दिवसांनी दुसरं औषध मारलं तर त्याला आपण मिश्रण म्हणतो का? कोविशिल्डमध्ये चिंपांझीचा सर्दीचा एक विषाणू (अ‍ॅडिनोव्हायरस) असतो, तो कमकुवत करून त्याच्यात कोरोना विषाणूच्या अंगावरच्या काट्याचा नमुना घातलेला, म्हणजे काटा शरीर स्वतः बनवतं. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा पण मारलेला कोरोना विषाणू. चोर एकच, फोटो दोन बाजूंनी काढलेले.

अजून एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली. कोविशिल्डसारख्या लशीत शरीर नमुना वाहून आणणाऱ्या त्या सर्दीच्या विषाणूलाही, म्हणजे वाहकालाही, ओळखायला लागतं, मग दुसऱ्यांदा तोच वाहक आला तर त्यालाच अडवायची शक्यता असते. म्हणून तर स्पुटनिक या रशियन लशीच्या दोन डोसमध्ये मुळातच दोन वेगळे विषाणू वापरलेत, पहिल्यात 26 नंबरचा अ‍ॅडिनोव्हायरस, दुसऱ्यात 5 नंबरचा.

आता ते 18 जण. मे 2021 मध्ये उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगर जिल्ह्यातल्या गावकऱ्यांना चुकून दुसरा डोस कोव्हॅक्सिनचा दिला गेला, आणि त्यांच्यातल्या 18 जणांचं रक्त पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) तपासलं. अँटीबॉडी चांगल्या निघाल्या, गंभीर त्रास कोणाला झाला नाही. पण इतक्या कमी लोकांत क्वचित होणारा त्रास दिसणारच नाही, इथे तुमचं शंभर टक्के बरोबर. फक्त मी तेवढ्यावरच विसंबलो नव्हतो. ऑक्सफर्डच्या कॉम-कोव्ह या वेगवेगळ्या लशींच्या डोसच्या अभ्यासात पन्नाशीपुढचे 830 लोक होते, त्यात अ‍ॅस्ट्राझेनेका, म्हणजे आपली कोविशिल्डच, आणि मग फायझर घेतलेल्यांच्या अँटीबॉडी दोन्ही अ‍ॅस्ट्राझेनेकावाल्यांपेक्षा कितीतरी जास्त आल्या. ताप न अंगदुखी मात्र जास्त झाली, हेही मी ठळक लिहायला हवं होतं.

सिद्धार्थनगरला जे झालं ते चुकीचंच होतं भाऊ. न विचारता माणसाच्या दंडात दुसरंच काही टोचायचं, मग निकाल चांगला आला म्हणून ती चूक चूक राहत नाही असं नाही. माझी मावशी चोपडा तालुक्यातली, तिला पहिली कोविशिल्ड होती आणि त्या उन्हाळ्यात सेंटरवर दोनदा फक्त कोव्हॅक्सिनच होती, एकदा तर सुई भरल्यावर तिनेच कार्ड पुढे केलं. घरी येऊन विचारत होती, "माले काही व्हई तं नही ना रे?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं, मूळ लेख मी त्या प्रश्नासाठीच लिहिला. तिला घाबरवायचं नव्हतं, पण "बिनधास्त बदलून घ्या" असंही सांगायचं नव्हतं, कारण तेव्हा आपल्याकडे दोन्ही डोस एकाच लशीचे हाच नियम होता. ते वाक्य आता लेखाच्या सुरुवातीलाच टाकतोय.

आणि शेवटी तुम्ही वडिलांचं विचारलंय, दोन कोविशिल्ड न तिसरा, बूस्टर डोस कोर्बेव्हॅक्स या वेगळ्या लशीचा झाला म्हणून. त्यात चूक काहीच नाही. ऑगस्ट 2022 मध्ये सरकारनेच 18 वर्षांवरच्यांना तशी परवानगी दिली होती, दुसऱ्या डोसनंतर सहा महिने झालेले असले की बस. सर्टिफिकेटवर तारखा बघून घ्या, अंतर कमी निघालं तर मला कळवा.