उपटा म्हणे मुळासकट!

कुंपणावर कोपर टेकवून, दुसऱ्याच्या घामाकडे बघत "अहो, ते मुळासकट उपटायचं असतं" असं सांगणाऱ्या माणसांना एकदा भर उन्हात गुडघ्यांवर बसवून हातात खुरपं द्यायला पाहिजे. आणि मग आपण कुंपणावर कोपर टेकवायचं.

आज सकाळी शेजारच्या काकांनी हाच उपदेश केला. त्यांच्या अंगणात गवताची एक काडी नाही, सगळी फरशी. ज्या माणसाने तणाचा प्रश्न सिमेंटने सोडवला, तो मला लव्हाळ्यावर व्याख्यान देणार! बरं, आधी कौतुक केलं. "वा, खत चांगलंच मानवलेलं दिसतंय. काय तरारलंय!" मी खूश होऊन मान वर केली आणि त्यांचं बोट कुठे आहे ते पाहिलं. लव्हाळ्याकडे. परवाच कापणी झाली होती. हिरवळ होती तेवढीच आहे आणि हा तिच्यातून बोटभर डोकं वर काढून, चकचकीत पोपटी, ताठ उभा. रांगच्या रांग.

"हे कोणतं गवत हो? बाकीच्या जागेतही हेच का नाही लावलंत?"

"काका, ते तण आहे."

"असं होय! मग मुळासकट उपटा ना."

मुळासकट म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, लव्हाळ्याला तुम्ही समजता तसं साधं मूळ असतं तर तो लव्हाळा कशाला राहिला असता! कोंब बुडाशी धरा. जमीन ओली असू दे, हात हलका ठेवा, श्वास रोखा आणि ओढा. थोडा सरकतो. वाटतं, आला आता. आणि मग 'टक्'. हातात येते ती पांढरी मान आणि वरची पाती. जमिनीतली गाठ जिथल्या तिथे. ती एकटीही नसते. काळसर चिवट धाग्याने तिला पुढची गाठ जोडलेली, तिला त्याच्या पुढची, वीतभर खोल आणि काही त्याहूनही खाली. वरचा कोंब तुटला की गाठीवरचे झोपलेले डोळे जागे होतात. माळेतली वरची गाठ मेली तर इतके दिवस गप्प बसलेल्या खालच्या गाठींना अचानक कर्तव्याची जाणीव होते. एकाच्या जागी दोन-तीन उभे. सगळं मुळासकट काढायचं म्हणजे हिरवळ उचलून खाली चाळणीने माती चाळायची. मग उरतो तो खड्डा. त्यात कोणाला पुरायचं ते मी ठरवलेलं आहे.

पुरात मोठमोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळा वाचतो, कारण तो नम्र असतो, असं लहानपणापासून आपल्या कानांवर घातलं गेलं. नम्र! १९७७ साली तणशास्त्रज्ञांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांची क्रमवारी लावली, त्यात हा नम्र गृहस्थ पहिला आला. पहिला! शिवाय त्याच गाठी वाळवून नागरमोथा म्हणून औषधात घालतात, म्हणजे शत्रूला चारित्र्यही आहे. आपल्या हिरवळीला मात्र चिकाटी म्हणून नाही. एक दिवस पाणी चुकलं की लगेच तोंड पिवळं.

आणि आमची हिरवळ कसली, तर हरळी. शेतकरी जिला पिढ्यानपिढ्या शिव्या घालत खणून काढतात, ती मी खत-पाणी घालून पाळतोय. बरं, तिने निदान मूळ स्वभावाला जागावं! जिथे हवी तिथे टक्कल. झाडाच्या सावलीत तर पाऊल टाकत नाही. पण गुलाबाच्या वाफ्यात बघा, काय जोम! फरशीच्या फटीत, नळाच्या खाली, कुंडीच्या भोकातून आत, सगळीकडे बहरते. म्हणजे तण व्हायची तिची तयारी आहे, फक्त हिरवळ व्हायची नाही.

आता खताचं. पोत्यावरचे ते तीन आकडे. पहिला नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, इथपर्यंत ठीक. दुसरा फॉस्फरसचा आणि तिसरा पोटॅशियमचा, असं जग समजतं. तसं नाहीये! तो दुसरा आकडा फॉस्फरसच्या ऑक्साइडचा असतो. खरा फॉस्फरस हवा असेल तर ०.४४ ने गुणा. तिसरा पोटॅशियमच्या ऑक्साइडचा, त्याला ०.८३ ने गुणा. का? तर पूर्वीपासून तशी पद्धत आहे म्हणून. गवताला खत घालायला निघालेल्या माणसाला आधी रसायनशास्त्राचा तास. आणि मात्रा किती? ती पोत्याच्या मागे, शिवणीच्या घडीत, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरात, "हेक्टरी". हेक्टरी! माझ्याकडे हेक्टर असतं तर मी गुडघ्यांवर बसलो असतो का?

युरियात ४६ टक्के नत्र. घालून नुसता पृष्ठभागावर ठेवला तर उबदार, ओलसर जमिनीवर त्याचा अमोनिया होतो आणि जातो हवेत. म्हणून लगेच पाणी द्या. पण जास्त पाणी नको, नाहीतर नायट्रेट होऊन मुळांच्या खाली निघून जातो. कमी पाणी दिलं, पात्यांवर दाणे राहिले, तर पाती करपतात. म्हणून पावसाची हलकी सर येण्याआधी घाला म्हणतात. या हलक्या सरीला कोणी भेटलंय का कधी? हवामान खात्याचा ढग बघून खत पसरलं की ऊन पडतं. पाऊस नाही बघून पसरलं की ढगफुटी. जोराच्या पावसाने तो नत्र सरळ गटारात जातो. गटाराच्या कडेचं गवत काय हिरवंगार आहे म्हणून सांगू! ते मात्र माझ्याच पैशाचं.

खत पसरायच्या ढकलगाडीबद्दल मी बोलणारच नव्हतो. पण तिची झडप मध्येच अडकते आणि मध्येच भसकन उघडते. त्यामुळे हिरवळीवर एक पट्टा गडद, एक फिकट, एक जळका. वरच्या मजल्यावरून बघितलं की जणू कोणी चादर वाळत घातलीय. घरातलं तरुण रक्त म्हणतं, "डिझाइन छान आलंय." याच घराला मी दोन वेळचं जेवण देतो.

खरा संताप त्या "खत आणि तणनाशक एकाच पिशवीत" वाल्यांचा आहे. वाचताना किती सोपं वाटतं! एकदा फिरवा, गवत वाढतं, तण मरतं. आता नीट ऐका. तणनाशकाचा दाणा तणाच्या पानाला चिकटायला हवा, म्हणून दव असताना टाका आणि नंतर दिवसभर तरी पाणी देऊ नका. खताचा दाणा पानावरून खाली जायला हवा, म्हणून पाणी द्या. एकाच पिशवीत, एकाच वेळी, पाणी द्या आणि देऊ नका. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याचं लग्न टिकलं असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

आणि त्यातलं औषध कोणतं? बहुतेक वेळा २,४-डी किंवा त्याचंच भावंड. ते रुंद पानांची तणं पिळवटून मारतं आणि गवताला सहसा हात लावत नाही. लव्हाळा ना गवत, ना रुंद पानाचा. तो वेगळ्याच कुळातला. दांडी दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा हाताला लागतात. म्हणजे २,४-डी त्याच्या अंगावरून जातं आणि बरोबरचा नत्र तो चवीने खातो. त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉनसारखं वेगळं औषध. ते फवारलं की दोन-तीन आठवडे काहीच होत नाही. मग तो हळूहळू पिवळा पडतो, आपण नाचतो, आणि खालच्या गाठीतून नवा येतो. पुन्हा फवारा. उगवण्यापूर्वी मारायचं पेंडिमेथॅलिन त्या गाठींचं काही वाकडं करत नाही, ते बियांसाठी. आणि तेही तण दिसायच्या आधी टाकायचं असतं. दिसलं की उशीर झाला. शत्रू येणार हे स्वप्नात कळायला हवं.

२,४-डीवरून आठवलं. ते १९४०च्या दशकात बाजारात आलं. त्याआधी परदेशात हिरवळीच्या बियाण्यात पांढरं क्लोव्हर, म्हणजे मेथीसारखं तीन पानांचं एक छोटं रोप, त्याचं बी मुद्दाम मिसळत. ते मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र बांधतं. म्हणजे फुकटचं खत. मग हे औषध आलं. त्याने गवत राखलं, क्लोव्हर मारलं, आणि औषधात मरतं म्हणून क्लोव्हर तण ठरलं! गुन्हा आधी की शिक्षा आधी, तर शिक्षा आधी. आता फुकटचा नत्र मारायचा आणि त्याच्या जागी पोत्यातला विकत आणायचा. मारायचं औषधही विकत. या धंद्याला मनापासून दंडवत.

तसं बघितलं तर सगळंच असं आहे. वाढावं म्हणून खत घालायचं, वाढलं म्हणून कापायचं, कापलं म्हणून पुन्हा खत. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका म्हणतात, म्हणजे खत मानवलं तर आठवड्याला दोनदा यंत्र बाहेर. हे यंत्र १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज माणसाने काढलं, कापडाच्या गिरणीतली लव छाटायची पाती बघून. त्याआधी हे काम विळ्याने आणि मेंढ्यांनी व्हायचं. मेंढी तण खाते, खत टाकते आणि कुंपणावरून सल्ला देत नाही. कधीकधी संध्याकाळी खुरपं हातात घेऊन मी स्वतःलाच विचारतो की हे पोटाला नाही, पाठीला नाही, मग कशासाठी? उत्तर येत नाही. तेवढ्यात कोपऱ्यात एक आंबुशी दिसते आणि मी त्या तत्त्वचिंतनातून थेट चार पायांवर येतो.

आंबुशीचं वेगळं दुःख आहे. पिवळं नाजूक फूल, आंबट पान, दिसायला गरीब. तिची शेंग पिकली असताना हात लावा. फट्! बी उडून चष्म्यावर, बाहीत, आणि उरलेलं तुम्ही नुकत्याच साफ केलेल्या जागेत. उपटणाऱ्यालाच पेरायला लावते. आणि तणाच्या बियांचं आयुष्य तर विचारूच नका. १८७९ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांचं बी बाटल्यांत भरून पुरलं. २०२१ साली त्यातली एक बाटली उकरली तर आतलं काही बी उगवलं. १४२ वर्षांनी! आणि मी महागाचं गवताचं बी, सांगितलेल्या महिन्यात, सांगितलेल्या खोलीवर, वर बारीक मातीचा थर देऊन टाकलं. मुंग्यांनी नेलं.

यावर व्हिडिओवाल्यांचा उपाय तयार असतो. व्हिनेगर फवारा! स्वयंपाकघरातलं व्हिनेगर म्हणजे साधारण पाच टक्के ॲसिटिक ॲसिड. वरची पाती जाळतं, गाठीला ढिम्म कळत नाही, आणि शेजारची हरळीही जाळतं. काहींचा सल्ला मीठ घालायचा. मीठ! म्हणजे तणही नाही, गवतही नाही, पुढे काहीच नाही. त्यांच्या व्हिडिओत "आधी" आणि "नंतर" असतं, "दोन महिन्यांनी" कधीच नसतं.

हे सगळं साडूंना फोनवर ऐकवलं, तर ते म्हणाले, "सोड ना, कृत्रिम हिरवळ टाक. अंथरली की झालं." त्यांना मी शांतपणे सांगितलं की लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि तण दबावं म्हणून शेतात अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर भोसकून वर येतो. प्लास्टिकच्या गवतातूनही येईल. "मग बरंच की," ते म्हणाले, "निदान तेवढं तरी खरं गवत दिसेल." फोन मी ठेवला नाही. बॅटरी संपली.