पर्याय कमी करा, असं मी म्हणत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पर्याय फार झाले की माणूस निर्णय टाळतो किंवा चुकीचा घेतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचे त्यावर दोन आक्षेप आहेत. जॅमचा तो गाजलेला प्रयोग पुढे टिकला नाही, हा एक. आणि असं बोलणं म्हणजे ग्राहकाला अडाणी ठरवून परवाना राज परत आणणं, स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणं, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात दुकानातल्या टेबलावर २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा टेबलाशी थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला आणि सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पण काही ठिकाणी पर्यायांनी फायदा झाला आणि काही ठिकाणी तोटा, तरी सरासरी शून्यच येते. मग तोटा कुठे होतो? तुलना अवघड असते आणि आपल्याला नेमकं काय हवंय हेच ठरलेलं नसतं, तिथे. पैठणीच घ्यायची असं ठरवून आलेल्या बाईपुढे दुकानदाराने पन्नास साड्या उलगडल्या तरी ती गोंधळत नाही. पेन्शनचा फंड निवडताना मात्र आपल्यातल्या बहुतेकांचं काहीच ठरलेलं नसतं.

म्हणून मला जॅमपेक्षा स्वीडन महत्त्वाचा वाटतो. तिथे २००० साली नव्या पेन्शन योजनेत लोकांपुढे ४५६ फंड ठेवले गेले. 'स्वतः निवडा' अशी सरकारनेच जोरदार जाहिरात केली आणि सुमारे दोन तृतीयांश लोकांनी निवड केलीही. सर्वांत जास्त पसंती मिळाली ती आधीच्या पाच वर्षांत पाचपटीहून अधिक वाढलेल्या एका तंत्रज्ञान फंडाला. पुढच्या तीन वर्षांत तो जवळपास ७० टक्के कोसळला. काहीच न निवडणाऱ्यांसाठी जो फंड ठेवला होता, त्याचं शुल्क ०.१७ टक्के होतं; निवडणाऱ्यांचं सरासरी ०.७७ टक्के. बाजार पडला तेव्हा दोघांचंही नुकसान झालं, पण निवडणाऱ्यांचं जास्त. हे लोक अडाणी होते का? मुळीच नाही. तुलना कशाच्या आधारे करायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि समोर सहज दिसत होता तो मागचा परतावा. तीन वर्षांवरून फंड जोखू नये हे मान्य, पण शुल्कातला फरक दरवर्षी कापला जातो.

आता परवाना राज. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना 'आरोग्य संजीवनी' ही एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवावी लागली. मूळ अटी सगळीकडे त्याच, त्यामुळे सामान्य माणसाला हप्ता आणि कंपनीची सेवा एवढंच ताडून पाहता येतं. ज्याला जास्त काही हवं आहे त्याच्यासाठी बाकीच्या पॉलिसी बाजारात आहेतच. त्यातली एकही यासाठी बंद करावी लागली नाही. मी मागतो आहे ते एवढंच.