सासूबाईंची जहागीर

2025 साली अहिल्यादेवींच्या जन्माला 300 वर्षं झाली, तेव्हा आमच्याकडं गावोगाव बॅनर लागले. एकावरही मला त्यांच्या सासूबाई दिसल्या नाहीत. गौतमाबाई. तळोद्याच्या बारगळांची लेक, मल्हारराव होळकरांची बायको.

नवरा माळव्याचा सुभेदार, मराठी राजकारणातला मुरलेला मुत्सद्दी. पण मला बाईंचं अप्रूप वेगळ्याच गोष्टीचं आहे. 1734 साली बाजीराव पेशव्यांनी होळकरांना खासगी जहागीर दिली, ती गौतमाबाईंच्या नावावर. वसूल वर्षाला सुमारे तीन लाख. दौलतीचा, म्हणजे राज्याचा हिशेब वेगळा, बाईंचा वेगळा. लढाईचं कर्ज फेडायला नवऱ्याने त्यात हात घालायचा नाही!

मालोजीराजांनी दुरुस्त केलेलं वेरूळचं घृष्णेश्वर पुढं याच बाईंनी हाती घेतलं, मग सुनेनं. तो तांबडा दगड, त्यावर कोरलेले दशावतार आपण फोटोत घेतो आणि खाली लिहितो, ‘अहिल्यादेवींनी बांधलं’. 1761 ला गौतमाबाई गेल्या आणि ही खासगी जहागीर सुनेकडं आली. काशीपासून रामेश्वरपर्यंतचे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं त्याच पैशातून उभी राहिली. आपल्या मराठवाड्यातले अंबड आणि वेरूळ दोन्ही मुलूख होळकरांचे, 1818 च्या मंदसोरच्या तहात इंग्रजांना गेले. म्हणजे ही गोष्ट इंदूरची कमी, आपली जास्त.

सासूने सुनेला दागिने दिले असं आपण कौतुकानं सांगतो. इथं सासूकडून सुनेकडं अख्खा वसूल आला, सही करायच्या अधिकारासकट. दानत दोघींची होतीच. पण दानत आमच्याकडच्या बायांनाही कमी नाही हो.

आमच्या गावच्या सप्ताहात बघा. पहाटेपासून पोळ्या लाटून बायांचे खांदे भरून येतात, आणि मंडपातल्या फळ्यावर ‘आजची पंगत’ म्हणून नाव लागतं मालकाचं. कारण पैसे त्याच्या खिशातले, ज्वारी त्याच्या सातबाऱ्यावरची. त्या ज्वारीचं खुरपण कुणी केलं, हे फळ्यावर कोण लिहिणार? पुढाऱ्यांच्या सौभाग्यवती साड्या वाटतात, तिथंही पिशवीवर फोटो साहेबांचाच.

शेतात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे. नवऱ्याने तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, एवढंच. अहिल्यादेवींच्या जयंतीला डीजे लावणाऱ्या किती जणांनी तो दिलाय? कमेंटमध्ये ‘जय मल्हार’ लिहाल तेव्हा सोबत फेरफाराचा नंबरही टाका.