जुनी जीप पीयूसीत पास करण्याचा शास्त्रोक्त विधी

गेल्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास माझी १९९४ सालची जीप दीड मिनिटात प्रदूषणमुक्त झाली, म्हणजे तिला पीयूसीचा, धूर तपासणीचा, दाखला मिळाला. तीस वर्षांहून जास्त काळ डिझेल पिऊन, घाटाघाटांत काजळी सांडून, शेवटी एकदाची पवित्र झाली. असा अनुभव आपल्यापुरता ठेवू नये. ज्यांच्या दारात ताडपत्रीखाली महिंद्राची एखादी एमएम ५४०, मेजर, क्लासिक किंवा तत्सम म्हातारी उभी आहे, त्यांनी हा विधी वाचून घ्यावा आणि श्रद्धेने आचरावा. जिप्सीवाल्यांचा पंथ वेगळा. त्यांची पेट्रोलवाली, तिथे धुराऐवजी कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी बघतात. त्यांनी कार्बुरेटरच्या देवाला नवस बोलावा.

आधी स्नान. जीप धुवा. इंजिन नव्हे, नंबरप्लेट. रविवारच्या चिखलाचा थर पाटीवर राहिला तर फोटो नीट येत नाही, आणि फोटो नीट आला नाही तर गाडी प्रदूषण करते. सगळी परीक्षा त्या पाटीचीच असते, हे पुढे कळेलच.

मग मुहूर्त. आपल्या पिढीच्या गाड्यांना दाखला मिळतो सहा महिन्यांचा. बीएस-४, म्हणजे धुराच्या सरकारी निकषांच्या चौथ्या इयत्तेतल्या, आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षाचा. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, अगदी गॅस सिलिंडरच्या शेजारी. तारीख उलटली तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. धुराची मात्र काळजी नको. चौकात काळा ढग सोडून गेलात तरी कुणी शिट्टी वाजवत नाही. शिट्टी कागदासाठी असते.

मोबाईल चार्ज करून न्या. ओटीपी येतो.

आता महत्त्वाचं: गाडी चुकूनसुद्धा गॅरेजला दाखवू नका. ही चूक मी केली. झालं असं की पहिल्या खेपेला मी पीयूसीच्या ज्या व्हॅनपाशी गेलो, तिथला पोरगा बहुधा नवखा होता. त्याने चक्क काम केलं. इंजिन गरम आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर दहा किलोमीटर फिरवून आणायला लावलं. मग नळी सायलेन्सरमध्ये आत सारली आणि म्हणाला, "काका, पाय पूर्ण दाबा, अर्धवट नको. मी सांगितलं की सोडा." असं पाच-सहा वेळा. त्या मीटरच्या डब्यात एका बाजूने उजेड सोडतात आणि धुरातून पलीकडे किती पोचतो ते मोजतात. त्यातून जो आकडा निघतो त्याला 'के' म्हणतात. आमच्या जीपच्या पिढीला २.४५ पर्यंत माफी आहे. बीएस-४ वाल्यांना १.६२. आमचा आला ३.३८. पोरगा ओशाळला, जणू धूर त्यानेच सोडला होता. म्हणाला, "फेल दाखवतंय, काका. एअर क्लीनर आणि नोझल बघून घ्या, मग या."

मी मूर्ख. बघून घेतलं.

मिस्त्रींनी एअर क्लीनर उघडला. आमचा जुना ऑइल बाथवाला. खालच्या वाटीत तेल असायला हवं, तिथे खीर होती. गेल्या दोन पावसाळ्यांत जेवढे ओढे ओलांडले त्या सगळ्यांची साय तिच्यात जमलेली. मिस्त्रींनी त्यात बोट बुडवून माझ्यासमोर धरलं, बोलले काही नाहीत. हवाच आत जात नाही तर डिझेल जळणार कशावर? मग नोझल काढली. चारपैकी दोन फवारा सोडायच्या ऐवजी ठिबक सिंचन करत होती. मग इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाची पाळी. पंपवाल्याने चष्मा कपाळावर नेला, डिझेल वाढवायच्या स्क्रूकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"सील कुणी तोडलं?"

मीच. तीन वर्षांपूर्वी. चढाला पिकप कमी पडतो म्हणून एका ऑफरोडवाल्या मित्राच्या सल्ल्याने अर्धा आटा आत फिरवून घेतला होता. जीप खरंच पळायला लागली. मागे काय सुटतं ते बघायला मागे बघावं लागतं, आणि आमचा आरसा तेव्हा ढिला होता.

नोझल, पंप, टॅपेट, डिझेल फिल्टर, सायलेन्सर ठोकून काजळी काढणं, मजुरी: अकरा हजार चारशे रुपये आणि आठ दिवस. तुम्ही यातलं काहीही करू नका. का, ते आता सांगतो.

विधीचा गाभा म्हणजे व्हॅनची निवड. दुरुस्त झालेली जीप घेऊन मी ऐटीत त्या पोराकडे गेलो, तर त्या जागी उसाचा रस मिळत होता. रसवाल्याला विचारलं. म्हणाला, "तो गेला गावाकडं. गिऱ्हाईक कुठं होतं? फेल करायचा ना." ऐकलंत? फेल करायचा. म्हणून त्याचं दुकान बंद. दोन किलोमीटरवर दुसरी व्हॅन होती, तिच्यापुढे सात गाड्यांची रांग. तिची स्वतःची दोन चाकं बसलेली, टपावर पिंपळाचं रोप. अशीच व्हॅन निवडावी. आत एक गृहस्थ, कॉम्प्युटर, प्रिंटर, पंखा आणि खिळ्याला टांगलेली नळी. नळीच्या तोंडावर कंपनीची प्लास्टिकची टोपी अजून तशीच.

माझा नंबर आला.

"गाडी नंबर?" सांगितला.

"मोबाईल?" सांगितला. ओटीपी आला, तोही सांगितला.

"जरा पुढं घ्या, पाटीवर ऊन येतंय." घेतली. त्यांनी फोटो काढला.

मी इंजिन चालूच ठेवलं होतं. गरम ठेवायला हवं ना, पोराने शिकवलं होतं. गृहस्थ वैतागून म्हणाले, "बंद करा की इंजिन. कशाला उगाच धूर करताय?"

उगाच धूर! अहो, धूर मोजायलाच आलोय! मी म्हटलं, नळी? ते म्हणाले, झालं की. मी म्हटलं, काय झालं? तेवढ्यात प्रिंटरने कागद बाहेर टाकला. त्यावर माझ्या जीपचा फोटो, माझ्या जीपचा नंबर आणि आकडा ०.९७. शून्य पूर्णांक सत्त्याण्णव! बीएस-४ वाल्यांनी माझ्या जीपच्या पाया पडावं असा आकडा. कुठून आला? आदल्या गाडीचा? आदल्या वर्षाचा? त्या गृहस्थांच्या जन्मतारखेतून? मी म्हटलं, साहेब, मी अकरा हजार चारशे रुपये घातलेत. एकदा नळी घाला, खरा आकडा बघू द्या. तुमचे पैसे पुन्हा देतो. हात जोडले हो मी! लोक पास करा म्हणून हात जोडतात, मी तपासा म्हणून जोडले. त्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले ती नजर मी फक्त मंगल कार्यालयात पाहिली आहे, पंगत उठल्यावर वाढा म्हणणाऱ्याच्या वाट्याला येणारी. "काका, पास झालीय ना तुमची? मग?" आणि मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. त्याच्या टेम्पोचा धूर रस्त्यापलीकडच्या वडापावच्या कढईपर्यंत पोचत होता. तोही दीड मिनिटात पास झाला. मी थांबून बघितलं. त्यालाही इंजिन बंद करायला लावलं. पर्यावरणाची तेवढी काळजी तिथे घेतात.

आणि हे सगळं ऑनलाइन आहे बरं का! कागदाची अफरातफर होऊ नये म्हणून माहिती थेट सरकारच्या 'वाहन' पोर्टलच्या सर्व्हरवर जाते. फोटो अनिवार्य, ओटीपी अनिवार्य. एवढ्या कुलपांच्या तिजोरीत आपण काय ठेवलंय? खोटा आकडा. तो आता कुणाला बदलता येणार नाही.

असो. विधी पुरा करू.

पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी खासगी मोटारीला २०२२ च्या एप्रिलमध्ये सहाशेची पाच हजार झाली, वर पर्यावरण कर वेगळा. तो भरल्यावर पर्यावरणाला बरं वाटतं.

दिल्लीतून स्वस्तात जीप आणणाऱ्यांनी ती स्वस्त का मिळाली हे विचारू नये.

मित्रांचा सल्ला अवश्य घ्यावा. मी आमच्या ऑफरोडच्या ग्रुपवर ही हकीकत टाकली तर पहिलं उत्तर आलं, "अकरा हजार? येडा आहेस का? मला सांगायचं, मी दोनशेत फोनवर काढून देतो, गाडी न्यायचीही गरज नाही." त्याखाली बावीस अंगठे. दुसऱ्याने लगेच आपला व्हिडिओ टाकला: चिखलात रुतलेली जीप, लो गिअर, पूर्ण रेस, मागे काळंकुट्ट आभाळ. खाली लिहिलेलं, "याला म्हणतात दम." तिसरा म्हणाला, कारखाने एवढं प्रदूषण करतात, आपल्या रविवारच्या जीपने काय होतंय.

काय होतंय ते सांगू? पंपाचा स्क्रू फिरवून आणला त्या वर्षीची गोष्ट. खंबाटकीच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये होतो, पुढे ट्रक, मागे स्कूटरवर एक बाई आणि पुढ्यात उभी सहा-सात वर्षांची मुलगी. ओव्हरटेकला जागा नाही. सबंध चढ ती स्कूटर माझ्या सायलेन्सरच्या तोंडाशी. वर चहाला थांबलो तेव्हा तीही थांबली. मुलीच्या पिवळ्या फ्रॉकची बाही काळी झाली होती, कारण सबंध वेळ तिने ती नाकाला धरली होती. तिची आई मला काही बोलली नाही. तिने रुमाल ओला केला आणि मुलीच्या नाकपुड्या पुसल्या. रुमालावर दोन काळे ठिपके. मी तेव्हा काय केलं? चहाचे पैसे दिले आणि निघालो. माझ्या खिशात तेव्हाही वैध दाखला होता.

तेव्हा आता उपरोध पुरे. डिझेलचा धूर कॅन्सर करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच त्याला तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या पंगतीत बसवलंय. तो व्हॅनवाला गृहस्थ चोर आहेच, आणि त्याला परवाना देऊन पुन्हा कधी नळीवरची टोपी न बघणारेही त्याचे भागीदार आहेत. पण त्याच्या दारात रांग कुणाची होती? तुमची. माझी. त्या पोराचं दुकान कुणी बंद पाडलं? फेल झालो की "दुसरीकडं बघतो" म्हणून गाडी वळवणाऱ्या आपण सगळ्यांनी. सह्याद्रीवर प्रेम आहे म्हणता ना? टी-शर्टवर छापून घेता. मग त्याच सह्याद्रीत जाऊन काळा ढग सोडल्याचे व्हिडिओ टाकायला लाज कशी वाटत नाही? एअर क्लीनरच्या वाटीतला चिखल काढायला अर्धा तास लागतो. तेल बदलायला किती लागतं ते त्या दोनशेच्या दाखल्याशी ताडून बघा. रुतलेली गाडी ओढायच्या विंचला चाळीस हजार घालता, टायरला साठ, आणि नोझलला चार हजार म्हटले की पोटात दुखतं. जीप जुनी असणं हा गुन्हा नाही. नीट ठेवलेली जुनी जीप २.४५ च्या आत येते, तो आकडा तिचीच कुवत धरून ठरवलाय. गुन्हा आपला आहे, तिच्या नावावर खपवू नका.

माझी खरंच आत आली का, हे मला अजून माहीत नाही. कागदावरच्या ०.९७ चा उपयोग नाही. म्हणून शुक्रवारी इंजिन गरम केलं, जुन्या पांढऱ्या पंचाचा तुकडा ओला करून काठीच्या टोकाला बांधला, सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर धरला आणि मुलाला सांगितलं, पाय पूर्ण दाब, अर्धवट नको. पाच वेळा. कापडावर तळहाताएवढा राखाडी डाग आला, मध्ये जरा गडद. पंपवाल्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "स्क्रू अजून पाव आटा मागं घ्यावा लागेल. सोमवारी या."