मुलीला आर्किटेक्चरला घालू की नको? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाच वर्षं घासून पोरं शेवटी तुटपुंज्या पगारावर राबतात, हे मी मागच्या लेखात लपवलं. गोव्यात घराचा प्लॅन ड्राफ्ट्समन काढतो, सही इंजिनिअर करतो, आर्किटेक्ट लागतो तो दिल्लीवाल्यांच्या व्हिलांना. आणि नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, देऊन बसलेल्या तुमच्या मुलीच्या डोक्यात हे खूळ मी भरलं.

पगाराचं आधी. लपवलं नाही, पण लिहिलंही नाही, ही चूक माझी. पहिल्या ऑफिसात दोन वर्षं मी संडास-बाथरूमच्या टाइल्सची ड्रॉइंग्ज काढली. पगार मागितल्यावर मिळायचा. पणजीत खोली परवडेना म्हणून रोज फोंड्याहून बसने ये-जा. बरोबरीचे इंजिनिअर तोवर गाडीचे हप्ते भरत होते. मुलीच्या पगारावर लगेच घर चालवायचं असेल, तर खरंच नका घालू तिला.

सहीच्या बाबतीत कायदाही बराचसा तुमच्याच बाजूने आहे. १९७२चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट सांभाळतो ते 'आर्किटेक्ट' हे बिरूद. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर ते लावता येत नाही, पण नकाशे काढायला इतरांना बंदी नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं.

पण 'प्लॅन काढतो' म्हणजे नेमकं काय करतो? गेल्या पावसात माशेलजवळ एका घरी गेलो होतो. घर चार वर्षांचं. प्लॅन कुणाच्या तरी घराचा उचललेला. मूळ घराला रस्ता पूर्वेला, इथे पश्चिमेला, म्हणून अख्खा प्लॅन फिरवून ठेवला. आजीची पुढची खोली थेट पावसाच्या तोंडी आली. खिडकीवरचा सज्जा वीतभर. खाटेमागच्या भिंतीला हात लावला तर गिलावा ओलाचिंब, खाली लोणा लागलेला, बोटांना पांढरी भुकटी. खाट खोलीच्या मधोमध ओढलेली. वर स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्रे. (स्लॅबवर पत्रे हे आपल्याकडे इतकं रुळलंय की लोक घर बांधतानाच त्याचे पैसे बाजूला काढतात. एका घराला दोन छपरं!)

शेजारीच जुनं चिऱ्यांचं घर, मंगळुरी कौलांचं. वळचण भिंतीपासून दोन हात पुढे आलेली, भिंत कोरडी. ते बांधणाऱ्या मेस्ताकडे कुठली पदवी होती, असं तुम्ही विचाराल. नव्हती. पाऊस कुठून येतो ते त्याला बापाकडून कळलं होतं. आज प्लॅन उचलणाऱ्याला ते ठाऊक नाही आणि, खरं सांगतो, नव्या आर्किटेक्टलाही बहुधा नसतं. फक्त, नकाशावर पहिली रेघ मारण्याआधी ते विचारायचं असतं, एवढं पाच वर्षांत अंगवळणी पडतं.

दिल्लीवाल्यांचं म्हणाल तर हो, माझ्या ऑफिसचं भाडं त्यांच्या स्विमिंग पुलांतूनच निघतं. आजीच्या खिडकीवरचा नवा सज्जा, अडीच फुटी, वर कौलं, मी जवळजवळ फुकट काढून दिला, तोही त्याच जोरावर. याचा मला अभिमानही नाही आणि लाजही नाही.

मुलीची चित्रकला चांगली आहे, एवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नका. आमच्या वर्गातले उत्तम चित्रं काढणारे दोघं दुसऱ्या वर्षी सोडून गेले. आल्तिनोचं गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर १९८२ पासूनचं, सरकारी आहे. तिथे नंबर लागला तर खाजगी कॉलेजांच्या फीचा घोर तरी नाही. आणि अर्ज भरायला पणजीला जालच, तर तिला कांपालला कला अकादमीत घेऊन जा. रस्त्याकडून आत शिरून मांडवीपर्यंत चालत जा. चार्ल्स कोरियांनी ती इमारत नदीच्या आड येऊ दिलेली नाही, ते चालतानाच कळतं. तिला ते न सांगता जाणवतं का, बघा.

येत्या शनिवारी कुर्टीला एका घराची कौलं चढतायत, पावसाआधी उरकायची घाई आहे. तिला घेऊन या, मेस्ताला काय हवं ते विचारू दे. कपडे जुने घाला, चिऱ्यांची लाल धूळ धुऊनही जात नाही.