एमआरआय हवाच असं नाही

‘फायब्रॉइडचं निदान पक्कं करायचं तर एमआरआय हवाच’ हे गर्भाशयातल्या या गाठींवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. बहुतेकींचं काम सोनोग्राफीत भागतं. योनीमार्गातून केली तर मूत्राशय रिकामंच लागतं. लिटरभर पाणी पिऊन, लघवी दाबून बाकावर ताटकळणं नको. गाठ आतल्या पोकळीत किती घुसलीय हे बघायला गर्भाशयात सलाइन सोडूनही सोनोग्राफी करतात, त्याचा तर लेखात उल्लेखच नाही.

माझ्या बाबतीत मात्र एमआरआय कामी आला, हेही सांगते. सोनोग्राफीच्या दोन रिपोर्टांत ‘५ सेंमी फायब्रॉइड’, गाठ काढायची तारीखसुद्धा ठरलेली. निघालं अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्याच स्नायूत शिरलेलं! त्याला फायब्रॉइडसारखी स्पष्ट कडच नसते, सोलून काढणार काय? डॉक्टरांनीच तारीख रद्द केली.